पांढऱ्या कंदिलाखालचं नाव

सोंगवोल विहार, बुसान
२२ एप्रिल २०२४

मालसुन,

तू गेल्याचं मला एका कंदिलाकडून कळलं. तुझ्या मुलाकडून नाही, तुझ्या त्या जर्मन सासरकडून नाही, कंदिलाकडून. आज सकाळी पालकाची टोपली घेऊन मागच्या अंगणात ऊन शोधत होते, सहज वर पाहिलं, तर तुझं नाव वाऱ्यावर हलत होतं.

बुद्धजयंतीच्या आधी महिनाभर आमचं अंगण कंदिलांनी भरतं. जिवंत माणसांसाठी रंगीत, ते पुढच्या अंगणात. गेलेल्यांसाठी पांढरे, ते मागे, माझ्या स्वयंपाकघराच्या दारापासून गिंकोच्या झाडापर्यंत. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. वरच्या ओळीत गेलेल्याचं नाव, खालच्या ओळीत कंदील लावणाऱ्याचं. तुझ्या चिठ्ठीत वरची ओळ कोरी होती आणि खालच्या ओळीत पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिलं होतं, प्यो मालसुन, जन्म १९५३, बोखुम, जर्मनी. आपल्या आडनावाची दुसरी मालसुन जगात कुठे असेलही, पण ती बोखुमात नसणार.

ओळ चुकली याचं मला नवल वाटलं नाही. परदेशी पाहुण्यांना या ओळी कधी कळत नाहीत. गेल्या वर्षी हॉलंडच्या एका उंचाड्या माणसाला पांढरा कंदील फोटोत छान दिसेल असं वाटलं. त्यानं स्वतःचंच नाव लिहून तो टांगला आणि त्याच्याखाली उभा राहून हसत फोटो काढून घेतला. कंदिलांच्या टेबलावर बसते ती जोंगनिम त्याच्यामागे बसथांब्यापर्यंत चपला हातात घेऊन धावली. त्याला परत आणून गुलाबी लावून दिला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. तो मात्र समजला की इथे एकावर एक मिळतो, आणि खूश होऊन गेला.

जोंगनिमला मी विचारलं, हा कोणी लावला. ती म्हणाली, शनिवारी, ऐन गर्दीत, गव्हाळ केसांची एक उंच मुलगी आली होती. पाठीवर तिच्याएवढीच पिशवी, हातात शहराचा नकाशा, त्यावर देवळांना गोल केलेले. सगळी देवळं बघत फिरणाऱ्या असतात ना, त्यांतली एक. तिनं पांढऱ्याकडे बोट दाखवलं. जोंगनिमनं काही विचारलं नाही. मुलीचा हात धरून आपणच रडली आणि तिला तांदळाच्या दोन वड्या दिल्या. मी विचारलं, मुलगीही रडली का. जोंगनिम म्हणाली, नाही, तिनं दोन्ही वड्या खाल्ल्या. दुःखातच भूक जास्त लागते, ताई.

ती तुझी नात असणार. तुझ्या नातीनं माझ्या दारात तुझा कंदील लावला आणि मी आत मुगाचे मोड धूत बसले होते.

आमच्या थोरल्या भिक्खुणी म्योजिन तेवढ्यात तिथून चालल्या होत्या. मला पायरीवर बसलेली बघून थांबल्या. मी सांगितलं की माझी बहीण गेली. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं. मी वर बोट केलं. त्या म्हणाल्या, "कंदील बोलतात होय गं? मग मला उगाच रोज प्रवचन द्यायला लावता." त्यांचं हे असंच. पण मग त्यांनीच सांगितलं की मनात असेल ते लिहून काढ, एकोणपन्नासाव्या दिवशी, जीव पुढच्या जन्माला निघतो तेव्हा, आपण भट्टीत जाळू, पोचतं. तू कुठल्या तारखेला गेलीस ते मला ठाऊक नाही, म्हणून कंदील लागला त्या शनिवारपासून मोजायचं ठरवलं. सात जूनला पुरे होतात.

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण मालसुन, आईच्या वेळी तू आली नाहीस, आणि आता स्वतः गेलीस तीही न सांगता. लहानपणापासून तुझं हेच. पर्सिमनच्या झाडावर तू चढायचीस, खाली शिडी मी धरायची, फळं तू खायचीस आणि आईचा ओरडा मला. एकदा तर तू वरच झोपलीस आणि मी दुपारभर शिडी धरून उभी होते.

आज पालक तसाच राहिला. सगळ्यांना नुसतं सोयाबीनचं सार आणि भात वाढला.

ओकबुन


२६ एप्रिल

मालसुन,

आज तुझा सातवा दिवस. तुला आवडायची तशी लाल भोपळ्याची पेज केली, तांदळाच्या गोळ्या घालून. कंदिलाखाली पाट मांडून वाटी ठेवली. दोन जपानी पाहुण्यांनी वाटीचा फोटो काढला आणि मला वाकून नमस्कार केला. मीही केला. मग ती पेज मीच खाल्ली, कारण टाकणं हे पाप आणि जोंगनिमला भोपळा आवडत नाही.

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलंय. जाळायचं पत्र आहे, त्यात तरी खरं लिहावं.

आईच्या वेळी तू आली नाहीस असं मी लिहिलं. तू येणार कशी? मी तार केलीच नव्हती.

आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती. हादोंगच्या गावातलं पोस्ट घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मी तीनदा तिथवर गेले. दोनदा दारातून परत आले आणि एकदा फॉर्म भरून खिशात घालून आणला. मामीला, काकांना, सगळ्या गावाला सांगितलं की तार केली आहे. तू आली नाहीस तेव्हा मामी म्हणाली, जर्मनीनं आपली पोर गिळली. मी मान डोलावली. आई गेली, एकोणपन्नास दिवस झाले, इथे सोंगवोल विहारात तिचं सगळं पार पडलं, आणि मग मी तुला पत्र टाकलं. साधं, टपालानं. त्यावर तुझं कार्ड आलं, एका ओळीचं. 'मला बहीण नाही.' ते अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. अडतीस वर्षं सुईदोरा काढताना ते हाताला लागतं.

का केलं, ते सांगते. बुटांच्या कारखान्यात रबराच्या वासात मी उभी राहिले, म्हणून तू परिचारिका झालीस. तू विमानात बसलीस. आईचं मलमूत्र मी काढत होते आणि ती दिवसभर बोलायची तुझ्याबद्दल. मालसुनचं नाक कसं, मालसुनचं हसू कसं, मालसुन येईल तेव्हा कोंबडी कापा. मला वाटलं, ही आता तीन दिवस येईल, पांढरा कोट घालून आईची नाडी बघेल, आणि गाव म्हणेल, मुलगी असावी तर अशी. एवढंच. एवढ्याचसाठी. चौऱ्याहत्तर वर्षांची झाल्यावर लिहिताना ते किती बारकं वाटतं, पण तेव्हा पोस्टाच्या दारातून तेच मला मागे फिरवायचं.

अजून एक आहे, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही.

आईचे डोळे शेवटी गेलेच होते. ज्या दुपारी ती गेली, तेव्हा मी भांडी घासून तिच्याजवळ येऊन बसले आणि तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, "मालसुन, आलीस?"

मी म्हणाले, "आले, आई."

"हात किती गार. तिकडे थंडी फार आहे का गं?"

"फार आहे."

"जेवलीस?"

"जेवले."

मग ती हसली. दात नव्हते, तरी नवरीसारखी हसली. हात तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. मला वाटलं होतं, आईजवळची माझी जागा मी कधी कुणाला देणार नाही, तुलासुद्धा नाही, आणि बघ, आईच्या शेवटच्या घटकेला मी तिथे तू होऊन बसले होते. ओकबुन तिथे नव्हतीच. याचा राग मी तुझ्यावर अडतीस वर्षं काढला. आईला कंदील लावते तो दरवर्षी एकटीच्या नावानं लावते. खालच्या ओळीत दोघींची नावं मावतात, पण मी एकच लिहिते.

तुला हे जिवंतपणी कळायला हवं होतं. आई तुझी वाट बघत नाही गेली, मालसुन. तू आली आहेस असं समजून गेली.

मेलेल्या माणसाला खरं सांगणं किती सोपं आहे.

ओकबुन


१ मे

चिरंजीव मालसुन,

चिरंजीव. हा शब्द मी आज तीनदा लिहून बघितला.

सकाळी मी मोड आलेले मूग निवडत होते. मागच्या अंगणात शिडी घासल्याचा आवाज आला, म्हणून बाहेर आले, तर गव्हाळ केसांची एक मुलगी आमची लाकडी शिडी गिंकोला टेकवून वर चढलेली. बूट पायात, दातात पेन. त्या शिडीची तिसरी पायरी हलते. मी ओरडले, खाली टोपली टाकली आणि पळत जाऊन शिडी धरली. सवयच ती. मग वर बघते तर ती तुझ्याच कंदिलाची चिठ्ठी हातात धरून मोबाइलमध्ये बघून काही लिहीत होती.

मी विचारलं, काय करतेस. परदेशी माणसांशी बोलताना आपण उगाच मोठ्यानं बोलतो, तशी बोलले.

ती वरून म्हणाली, "पणजीचं नाव लिवतोय. त्या दिशी मला ठावं नव्हतं, म्हनून वरची ओळ सोडलेली. आजीनं फोनवर सांगितलं."

मालसुन, ती आपल्या हादोंगच्या बोलीत बोलली. मामी बोलायची तशी. इथे बुसानात आता पोरंटोरंसुद्धा तसं बोलत नाहीत, आणि या सोनेरी केसांच्या पोरीच्या तोंडून ते ऐकून मला वाटलं, माझ्या डोक्याचंच काही झालंय. मी विचारलं, कुणाची आजी.

"माझी. मालसुन."

मी म्हणाले, "ती गेली ना?"

"कुठं जातीया? घरातच हाय. परसात सोयाबीन लावलाय आन् शेजारणीशी कुंपणावरनं भांडतीया."

शिडी मी सोडली नाही, एवढं मात्र खरं. ती खाली उतरली, मी जमिनीवर बसले, आणि तिनं मला पहिलं काय विचारलं असेल? "जेवलासा का?" मग मला हसू फुटलं. हसता हसता रडू आलं आणि रडता रडता पुन्हा हसू. जोंगनिम धावत आली, तिनं दोघींना मिठी मारली आणि काय झालंय हे न विचारता आपणही रडली. मग वड्या आणायला गेली.

मेरले. हे नाव तू ठेवलंस की तुझ्या सुनेनं? पण पोरगी गुणी आहे. बुटांसकट शिडीवर चढली त्याबद्दल तिनं तीन वेळा माफी मागितली आणि वड्या या खेपेला चार खाल्ल्या. तिनं सगळं सांगितलं. तूच तिला सांगितलंस की बुसानला चालली आहेस तर सोंगवोल विहारात पणजीसाठी पांढरा कंदील लाव, माझ्या नावानं. विहाराचं नाव तुला माझ्या त्या पत्रात मिळालं होतं आणि तू ते पत्र ठेवलं होतंस. मीही तुझं कार्ड ठेवलंय. त्या दिवशी पणजीचं नाव विचारायला तुझा फोन लागला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिला ग्योंगजूच्या देवळांकडे निघायचं होतं. म्हणून खालची ओळ भरून ती गेली. अकरा दिवसांत चौदा देवळं बघून परत आली ती फक्त वरच्या ओळीसाठी.

म्हणजे चिठ्ठी तिनं बरोबर भरली होती. देणाऱ्याच्या ओळीत देणारी. परदेशी पाहुण्यांना ओळी कळत नाहीत म्हणून दरवर्षी त्यांना हसणारी मी, पस्तीस वर्षं या अंगणात काढलेली, मीच ती चुकीची वाचली. थोरल्या भिक्खुणींना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कंदील बोलत नाहीत हे मी सांगितलं होतं." आणि तोंडावर बाही धरून आत गेल्या. आत बराच वेळ हसत होत्या, मला ऐकू येत होतं.

मी कोण हे मेरलेला मी सांगितलं नाही. तिनंच ओळखलं. माझ्या नाकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी ओकबुन आजी." मग ओशाळली, कारण तू तिला बजावलं होतंस की ताई भेटलीच तर बघ जिवंत आहे का, पण मी विचारलं म्हणून सांगू नकोस. तिनं तेही सांगून टाकलं. खोटं बोलणं तिला आपल्या दोघींकडून आलेलं नाही.

तू जिवंत आहेस. मला आज काही सुचत नाही. साराला मीठ दोनदा पडलं आणि सगळे मुकाट्यानं जेवले.

तुझी ताई


२ मे

चिरंजीव मालसुन हिस,

इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली मेरलेकडून समजली, आनंद वाटला. बुसानात यंदा ऊन लवकर पडलं आहे. माझे गुडघे बरे आहेत. तिकडे सोयाबीन कसा येतो ते

हे मी सकाळपासून चौथ्यांदा लिहिते आहे आणि चौथ्यांदा सोयाबीनपाशी अडकते आहे.

मेरले उद्या विमानात बसते. पत्र असेल तर द्या म्हणाली. माझ्या ओट्याच्या खणात दोन पत्रं आहेत, मेलेल्या बहिणीला लिहिलेली. ती जाळायची होती. आता ज्या बहिणीला लिहिली तीच मेलेली नाही, मग ती पत्रं कुणाची? रात्रभर नाही, पण आज दिवसभर मी त्या खणाभोवती फिरते आहे. ती भट्टीत टाकली तर कुणाला कळणार नाही. मेरले तुला सांगेल की आजीला फार आनंद झाला, ती रडली, तिनं वड्या दिल्या. तू एखादं कार्ड पाठवशील. मी एक पाठवीन. दोन म्हाताऱ्या वर्षातून दोनदा हवापाण्याचं लिहीत राहतील, आणि त्यात काही वाईट नाही. पाठवली, तर कदाचित तेही राहणार नाही. आत्ता कुठे तू मला परत मिळाली आहेस आणि मीच तुला पुन्हा घालवायची.

जोंगनिमला विचारलं. नाव न घेता, एका मैत्रिणीची गोष्ट म्हणून. ती म्हणाली, "ताई, तुमची मैत्रीण खणाकडे बघून बघून मान वाकडी करून घेईल."

मग मी आईचा विचार केला. आई तुला भेटून गेली आणि हे फक्त मला माहीत आहे. अडतीस वर्षं तू समजते आहेस की ती रस्त्याकडे डोळे लावून गेली. तार मी तुझ्यापासून चोरली, पण हे दुसरं मी आजही रोज चोरते आहे. आता तर पत्र न्यायला मेरलेही आहे, म्हणजे सबबही उरली नाही.

मेरलेच्या पिशवीत चार पत्रं ठेवते आहे. तारखेप्रमाणे वाच. दुसरं वाचून उरलेली फाडावीशी वाटली तर फाड. सोबत वाळवलेली समुद्री शेवाळं आहेत, वाढदिवसाच्या साराला. ती फाडू नकोस, यंदा माल चांगला आहे.

तुझी ताई


१६ मे

चिरंजीव मालसुन,

काल फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून आज लिहिते आहे.

काल बुद्धजयंती. पहाटेपासून बाराशे माणसांचा भाज्या घातलेला भात झाला. गाजरं चिरून माझी बोटं केशरी झाली. रांग फाटकाबाहेर उतारावरून खाली गेली होती आणि रांगेत निम्मे परदेशी, हातात वाडगे घेऊन उभे. एकाला तिखटाची लाल चटणी टोमॅटोची वाटली, त्यानं तीन चमचे घातली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो जोंगनिमला म्हणत होता, छान, छान. जोंगनिमला वाटलं तोही दुःखात आहे.

दुपारी चारला भांडी घासायला बसलो आणि स्वयंपाकघरातला फोन वाजला. जोंगनिमनं उचलला, कानापासून हातभर लांब धरला आणि म्हणाली, "ताई, जर्मनीहून कोणीतरी ओरडतंय."

तेरा दिवस मी त्या फोनकडे पाठ करून काम करत होते. हात पुसले, पुन्हा ओले केले, पुन्हा पुसले. फोन घेतला तर तू 'हॅलो' न म्हणता सुरू झालीस.

"मी मेले असं समजून लिहिलंस आणि तरी आधी पर्सिमनवरून भांडलीस? मेलेल्या बहिणीशी? फळांवरून?"

वीस जणी घासणी हातात धरून ऐकत होत्या. तू एवढ्या जोरानं बोलत होतीस की मला फोन कानाला लावायची गरज नव्हती. तार न केल्यावरून तू मला जे जे बोललीस ते सगळं मला लागू आहे. त्यातले दोन शब्द मी आईच्या तोंडूनच शेवटचे ऐकले होते. मी फक्त हो, हो म्हणत होते. मग तू दमलीस. मला वाटलं, ठेवलास फोन.

मग तू एकदम हळू विचारलंस, "आई खरंच म्हणाली? आलीस म्हणून?"

मी म्हणाले, "म्हणाली."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तू पुन्हा म्हणालीस, परत. मी तिसऱ्यांदा सांगितलं, थंडी फार आहे का, जेवलीस का, सगळं.

"हात गार आहेत म्हणाली?"

"हो. मी नुकती भांडी घासून आले होते."

मग म्हणालीस, "माझे हात कायम गारच असतात, ताई."

ताई म्हणालीस. मला ते ऐकायला किती वर्षं लागली ते आता मोजत नाही. मी तिथेच खाली बसले, ओल्या फरशीवर. तू विचारलंस, हसतेस कशाला. मी हसत नव्हते, पण मग खरंच हसू आलं, आणि तूही हसलीस, आणि वीस जणी कशाला हसतोय हे माहीत नसताना हसल्या.

राग गेलेला नाही म्हणालीस. तो फोनवर काढायचा नाही, येऊन काढीन म्हणालीस. ये. मी पुरेसं जेवून तयार राहीन.

ताई


७ जून

चिरंजीव मालसुन,

आज एकोणपन्नासावा दिवस.

जोंगनिम सकाळी आली आणि म्हणाली, ताई, भट्टी तर पेटवायची ठरली होती, आता जाळायचं काय? तुमची बहीण तर तिकिटं काढून बसली आहे. मी शिवणाचा डबा उघडला आणि तुझं ते एका ओळीचं कार्ड काढलं. थोरल्या भिक्खुणींनी घंटा वाजवली, गंभीरपणे मंत्र म्हटला आणि मी ते भट्टीत टाकलं. जुना जाड कागद, लवकर पेटेना. जोंगनिमला काठीनं ढोसावा लागला. आता सुईदोरा काढताना हाताला काही लागत नाही, उगाच डबा दोनदा उघडून बघितला.

कंदील उतरवायचे दिवसही सरले. पुढच्या अंगणातले रंगीत गेले, मागचे पांढरेही गेले. राहिले होते दोन. एक मी आईसाठी लावलेला, दारापाशी. दुसरा तू लावलेला, गिंकोपाशी. एका बाईला एकाच अंगणात दोन कंदील, त्यांच्यामध्ये तीस पावलं. माझा मी उतरवला. मग तुझ्या चिठ्ठीवर, तुझ्या नावाच्या खाली, माझं नाव लिहिलं. मी थोरली, रीतीनं माझं वर हवं. पण खालीच लिहिलं, आणि मावलं. दोघींची नावं मावतात हे मला पहिल्यापासून माहीत होतं. वर मेरलेच्या हातचं आईचं नाव आहे, कांग बुन्ये, तिच्या माहेरच्या आडनावानं, तिरकं, ओळीच्या बाहेर गेलेलं.

तो एक कंदील भिक्खुणींनी तू येईपर्यंत ठेवू दिला आहे. पावसाळा तोंडावर आलाय आणि हा अंगणात एकटाच लटकतोय, त्याला मी प्लास्टिकची टोपी घातली आहे. पर्यटक येतात आणि विचारतात, हा एकच का. जोंगनिम त्यांना सगळी गोष्ट हातवारे करून सांगते. त्यांना काय कळतं देव जाणे, पण सगळे त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात, आणि एकालाही ती थांबवायला धावत नाही.

मेरलेचा संदेश आला, तू परसातल्या सोयाबीनची दोन किलोची पिशवी बांधून ठेवली आहेस म्हणे. इथे सोयाबीन मिळत नाही असं समजतेस की काय? आण तरी.

उतरल्याबरोबर आधी इथे ये. तो कंदील कुणी काढायचा हे मी कुणाला ठरवू दिलेलं नाही. जोंगनिम म्हणते, एकाहत्तराव्या वर्षी बाईला शिडीवर चढवाल आणि कंबर मोडाल. तिला तू माहीत नाहीस. तिसरी पायरी मी दुरुस्त करून घेतली आहे.

वर तू चढ. शिडी मी धरते.

तुझी,
ताई